चांदण्यातला हिमबिबट्या: एकच पान, दोनदा रंगवलेलं

पान ए-फोर आकाराचं, आडवं, नुसत्या बाह्यरेषांचं. बर्फाच्या उतारावरून डावीकडून उजवीकडे चाललेला हिमबिबट्या, मान वळवून थेट आपल्याकडे बघणारा. त्याच्या मागे, उजव्या वरच्या बाजूला, डोंगराच्या धारेपासून दोन बोटं वर पूर्ण चंद्र. लांबवर डोंगरांच्या दोन रांगा, मधल्या पट्ट्यात तीन सूचिपर्णी झाडं आणि दोन खडक, पुढे मोकळा बर्फ आणि त्यात मागे उमटत आलेले पंजांचे ठसे. प्राण्याचं धड ११ सेंमी, शेपूट ९ सेंमी. साधन रंगीत पेन्सिली.

पहिली प्रत साध्या झेरॉक्सच्या ७५ जीएसएम (दर चौरस मीटरला इतके ग्रॅम) कागदावर, २४ पेन्सिलींच्या डब्यातून रंगवलेली. हात तयार होता, रंग कुठेही रेषेबाहेर गेला नव्हता. आकाश काळ्या पेन्सिलीने दाबून भरलेलं, बर्फ कोरा, अंगावर पिवळा आणि त्यावर तपकिरी, ठिपके काळे कुळकुळीत, डोळे पिवळेधमक, चंद्रही पिवळा आणि आकाशभर चांदण्या. एवढं निगुतीने करूनही चित्रात रात्र उतरली नव्हती. बिबट्या कापून चिकटवल्यासारखा दिसत होता, बर्फ म्हणजे रंगवायचा राहून गेलेला कागद वाटत होता. मग तेच पान दुसऱ्यांदा छापून नव्याने रंगवलं गेलं. पहिल्यात काय बिनसलं आणि दुसऱ्यात काय बदललं, ते पुढे आहे.

बिनसलं कुठे

अशा पानाकडे बघून पहिली प्रतिक्रिया येते ती "रंग चुकले" अशी. रंग चुकलेच होते, पण ते दुय्यम. मोबाइलवर फोटो काढून कृष्णधवल केला की मूळ दुखणं दिसतं: आकाश पूर्ण काळं, बर्फ पूर्ण पांढरा आणि मधे बिबट्या भर दुपारच्या करड्या छटेत. उजळ आणि गडद यांच्या मधल्या पायऱ्याच नाहीत. रात्रीचं चित्र या पायऱ्यांवर उभं राहतं. त्या बरोबर असतील तर रंग थोडे इकडेतिकडे झालेले खपतात.

चांदण्या रात्री बर्फाळ प्रदेशात उजेडाची वाटणी वेगळीच असते. पौर्णिमेच्या चंद्राचा उजेड जमिनीवर फार तर ०.३ लक्स (उजेड मोजायचं एकक), भर दुपारचं ऊन लाखाच्या घरात. पण ताजा बर्फ पडेल त्या उजेडाचा ८० ते ९० टक्के भाग परत फेकतो. त्यामुळे चंद्राखालोखाल सगळ्यात उजळ असतो तो बर्फ, आणि तो आकाशापेक्षा स्पष्ट उजळ असतो. आकाशही काळं नसतं. सूर्यप्रकाशासारखाच चंद्रप्रकाशही हवेत विखुरतो, म्हणून टिपूर चांदण्यात आकाश गडद निळं असतं, चंद्राजवळ फिकं आणि दूर जाईल तसं गहिरं. काळं आकाश आणि पांढराशुभ्र बर्फ ही जोडी प्रत्यक्षात दिसते ती फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत.

आता रंगांचं. चंद्रप्रकाश म्हणजे परावर्तित सूर्यप्रकाश, आणि मोजमाप केलं तर तो उन्हापेक्षा किंचित तांबूसच निघतो. तरी आपल्याला चांदणं निळसर का दिसतं? अंधुक उजेडात डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी मागे पडतात आणि दंडपेशी काम हातात घेतात. दंडपेशींना तांबडा जवळपास दिसत नाही, निळ्या-हिरव्याला मात्र त्या जास्त दाद देतात. पुर्किन्ये या चेक शरीरशास्त्रज्ञाने १९व्या शतकाच्या आरंभी हे नोंदवलं; पहाटेच्या उजेडात तांबडी फुलं काळपट आणि निळी उजळ दिसतात, असं त्याच्या ध्यानात आलं होतं. रंगवणाऱ्याच्या कामाचा अर्थ सरळ आहे. तांबडा, नारिंगी आणि पिवळा हे आधी मरतात. नाकाचा गुलाबी करडा होतो, झाडांचा हिरवा काळपट निळा होतो, अंगावरचा पिवळा तर जातोच.

मुळात हिमबिबट्याच्या अंगावर तो पिवळा नसतोच. पहिल्या प्रतीतला रंग जुन्नरच्या उसात दिसणाऱ्या आपल्या बिबट्याचा होता. हिमबिबट्याचं अंग धुरकट करडं, कुठे मलईसारखं फिकट, पोट पांढरट. ठिपकेही वेगळे, त्याबद्दल पुढे.

चौथी गोष्ट उजेडाच्या दिशेची. चंद्र चित्रात दिसतोय आणि तो प्राण्याच्या मागे आहे. म्हणजे आपल्याकडची त्याची बाजू सावलीत असणार, उजेडाची फक्त एक बारीक कड पाठीवर, कानांवर आणि शेपटीच्या वरच्या अंगाला मिळणार. पहिल्या प्रतीत आपल्याकडची बाजू उजळ होती आणि सावली पोटाखाली सरळ, जणू सूर्य माथ्यावर.

डोळ्यांचीही तीच गत. मांजरकुळातल्या प्राण्यांच्या डोळ्यात पडद्यामागे परावर्तक थर असतो. तो उजेड जिथून आला तिकडेच परत पाठवतो. डोळे चमकायचे तर दिवा बघणाऱ्याच्या हातात हवा. चंद्र प्राण्याच्या पाठीमागे असताना त्याचे डोळे आपल्याकडे चमकण्याचं कारणच नाही. ही चूक येते कुठून तेही उघड आहे. हिमबिबट्याचे रात्रीचे बहुतेक फोटो कॅमेरा ट्रॅपचे, म्हणजे प्राणी समोरून गेला की आपोआप टिपणाऱ्या कॅमेऱ्यांचे असतात, आणि त्यांत उजेड कॅमेऱ्यातूनच गेलेला असतो, मग तो इन्फ्रारेड असो की फ्लॅश. समोरून उजळलेलं अंग, पेटलेले डोळे, मागे मिट्ट काळोख. शरीराची ठेवण आणि ठिपक्यांची मांडणी बघायला हे फोटो उत्तम. उजेडासाठी त्यांच्या नादी लागू नये.

कागद आणि रेषा

७५ जीएसएमचा कागद दोन-तीन थरांत गुळगुळीत होतो. त्याचा दाणा भरून गेला की पुढची पेन्सिल नुसती घसरते. रात्रीच्या आकाशाला पाच-सहा थर लागतात, तेव्हा त्या कागदावर दाबून काळा भरण्यावाचून गत्यंतर नसतं. म्हणजे काळ्या आकाशाचा अर्धा दोष कागदाचा. दुसरी प्रत २०० जीएसएमच्या, किंचित दाणेदार कार्ट्रिज कागदावर छापली. घरच्या प्रिंटरमधून एवढा जाड कागद जात नसेल तर १६० पर्यंत चालतो.

छापण्याआधी रेषा काळ्याऐवजी फिकट करड्या केल्या, साधारण ४० टक्क्यांवर. कोणत्याही फोटो एडिटरमध्ये हे होतं. हे वाटतं त्यापेक्षा महत्त्वाचं आहे. पाठीवरची चंद्राची कड हीच चित्रातली सगळ्यात नाजूक जागा, आणि तिच्या बाहेरून काळी रेष फिरत असेल तर ती कड उजळूच शकत नाही. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या तयारीत अनेकांच्या हाताला शेवटी काळ्या पेनने रेषा पक्की करायची खोड लागते. इथे ती मोडावी लागते. छपाई लेझरची असेल तर टोनरच्या जाड रेषेवर पेन्सिल धरत नाही, रेषा फिकट ठेवण्याचं हे आणखी एक कारण. इंकजेटची प्रत दिवसभर वाळू द्यावी.

पेन्सिली बाराच लागल्या: अल्ट्रामरीन, प्रशियन ब्लू, डार्क इंडिगो, पेन्स ग्रे, डार्क सेपिया, कोल्ड ग्रे दोन छटांत, वॉर्म ग्रे दोन छटांत, आयव्हरी, अर्थ ग्रीन आणि काळी. पॉलिक्रोमॉससारख्या तेलाच्या बाइंडरच्या पेन्सिलींना टोक छान राहतं, केसांसाठी त्या बऱ्या. प्रिझ्माकलरसारख्या मेणाच्या पेन्सिली आकाश लवकर भरतात, पण त्यांची एक खोड आहे, ती शेवटी येईल. डब्यात करड्या पेन्सिली नसतील तर निळ्यावर तपकिरीचा हलका थर दिला की करडा मिळतो. निळा जास्त तर थंड, तपकिरी जास्त तर उबदार.

आधी पायऱ्या

रंगायला घेण्यापूर्वी त्याच कागदाच्या तुकड्यावर दहा चौकोनांची पट्टी केली. १ म्हणजे कोरा कागद, १० म्हणजे या पेन्सिलींनी जमेल तेवढा गडद. मग प्रत्येक भागाला आकडा दिला. चंद्र आणि पाठीवरची कड १. उजेडातला बर्फ २, झाडांच्या टोकांवरचा ३. लांबचे डोंगर ४ ते ५. बर्फावरची सावली ५. बिबट्याचं अंग ५ ते ६, पण पोटाखाली ४. चंद्राभोवतीचं आकाश ५, डावीकडच्या वरच्या कोपऱ्यात ९. ठिपके आणि खडक ८, झाडं ९. दहाचा आकडा फक्त तीन ठिकाणी: डोळ्यांच्या बाहुल्या, जबड्याखालची खाच आणि झाडांचे बुंधे.

पोट पाठीपेक्षा उजळ ठेवलं ते चुकून नाही. जमिनीवरचा बर्फ उजेड वर फेकतो आणि तो थेट पोटावर, हनुवटीखाली आणि पायांच्या आतल्या बाजूंना लागतो. मातीवर उभ्या प्राण्याचं पोट सगळ्यात गडद रंगवायची सवय असते, तीच बर्फात दगा देते.

अंग ५-६ आणि सावली ५ म्हणजे पायांजवळ दोन्ही एकमेकांत मिसळणार. तसंच हवं होतं. हा प्राणी मुळात आजूबाजूला मिसळून जाण्यासाठीच ओळखला जातो. सगळीकडून स्पष्ट कापलेला हिमबिबट्या पुन्हा चिकटवल्यासारखा दिसेल. मग तो वेगळा कळावा कसा? उष्ण-थंडाच्या फरकाने. बर्फाला आणि त्याच्या सावलीला फक्त थंड करडे आणि निळे, अंगाला खालून वॉर्म ग्रे आणि आयव्हरी. आकडा एकच असला तरी डोळा हा फरक पकडतो.

आकाश

आकाश आधी. त्यावरच बाकीचे आकडे तपासता येतात, आणि इंडिगोची भुकटी रंगवून झालेल्या बर्फावर पडली तर निघत नाही. बिबट्याच्या आकाराचा ट्रेसिंग पेपर कापून त्याच्यावर ठेवला, हाताखाली कोरा कागद घेतला. भुकटी हाताने पुसून किंवा तोंडाने फुंकून नाही, मऊ रुंद ब्रशने झाडायची. फुंकरीतून थुंकीचा एक थेंब पडला की तिथे डाग राहतो.

पहिला थर अल्ट्रामरीनचा, पेन्सिल मागून धरून, छोट्या छोट्या एकमेकांवर चढणाऱ्या गोलांत. सरळ रेघांनी भरलं की पट्टे दिसतात आणि पुढच्या थरांत ते झाकले जाण्याऐवजी उठून येतात. चंद्राभोवती २ सेंमीपर्यंत अल्ट्रामरीन नेलाच नाही. तिथे फिकट कोल्ड ग्रे, आणि दोघांचा सांधा अर्धा सेंमी एकमेकांत मिसळलेला. दुसरा थर प्रशियन ब्लूचा, चंद्रापासून ४ सेंमीवरून सुरू. तिसरा इंडिगो, आणखी बाहेरून. चौथ्या थराला डार्क सेपिया, फक्त वरच्या आणि डावीकडच्या भागात. निळ्यावर गडद तपकिरी हा थर विचित्र वाटतो, पण इंडिगो आणि सेपिया मिळून जो काळोख होतो त्यात खोली असते. काळ्या पेन्सिलीचा थर मेणचट चकाकतो आणि सपाट दिसतो. पाचवा थर पुन्हा इंडिगो, सहावा कोपऱ्यांत पेन्स ग्रे. दाब पहिल्या चार थरांत सारखाच हलका, शेवटच्या दोनांत मध्यम. टोक काढण्यात जाते ती धरून एवढ्या आकाशाला इंडिगोची पेराएवढी पेन्सिल सहज लागते.

चंद्र कोरा. त्याच्या आत फिकट कोल्ड ग्रेचे दोन-तीन डाग, कडेपासून आत. प्रमाण बघायचं तर खरा चंद्र अर्धा अंश रुंद असतो. या पानाच्या हिशोबात तो ४ मिमीच्या आसपास यायला हवा. पानावर तो १५ मिमीचा छापलेला होता. चित्रात एवढी मोकळीक चालते, त्याला हात लावला नाही.

चांदण्या पूर्ण चंद्राच्या रात्री मोजक्याच दिसतात. दुसऱ्या प्रतीत नऊ ठेवल्या, सगळ्या चंद्रापासून दूर, डावीकडच्या गडद भागात. दात घासायच्या ब्रशने पांढरा रंग उडवून आकाशगंगा काढायची पद्धत अमावस्येच्या आकाशाला शोभते. चांदण्यांसाठी पांढरं जेल पेन घेतलं तेव्हा ते मेणाच्या थरावर चालेना; शाई तुटत होती आणि टोक मेणाने भरत होतं. शेवटी ०० नंबरच्या ब्रशने पांढऱ्या गॉशचे (अपारदर्शक जलरंगाचे) दाट ठिपके दिले.

बर्फ, सावली आणि ठसे

कोरा कागद म्हणजे बर्फ नव्हे. चंद्र आणि पाठीची कड सोडून पानावर कोरं काही ठेवायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून सगळ्या बर्फावर फिकट कोल्ड ग्रेचा एक विरळ थर आधी दिला. हा थर इतका हलका असतो की दिल्यासारखा वाटत नाही, पण चंद्राशेजारी बघितलं की फरक कळतो. त्यानंतरच चंद्र प्रकाशमान दिसायला लागतो.

सावल्यांची दिशा अंदाजाने काढू नये. चंद्रापासून सरळ खाली क्षितिजापर्यंत फिकट रेष टाकायची. ती जिथे टेकते तो बिंदू धरायचा. त्या बिंदूतून प्रत्येक पायाच्या, खडकाच्या, झाडाच्या बुंध्यातून जाणारी रेष म्हणजे त्याच्या सावलीची दिशा. चंद्रातून त्या वस्तूच्या टोकावरून रेष आणली की ती पहिल्या रेषेला जिथे छेदते तिथे सावली संपते. उतारावर हे तंतोतंत बसत नाही, पण सगळ्या सावल्या एकाच चंद्राच्या वाटतात, तेवढं पुरे. या पानावर त्या डावीकडे आणि पुढे, आपल्याकडे येत होत्या.

लांबीही तपासून घ्यावी. पूर्ण चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो, आणि हिवाळ्यात तर मध्यरात्री तो जवळपास माथ्यावर असतो; हिमाचलमधल्या स्पितीच्या अक्षांशावर ८० अंशांपर्यंत चढतो. धारेच्या इतक्या जवळ असलेला चंद्र म्हणजे रात्रीचा पहिला प्रहर किंवा पहाट. तेव्हा सावल्या लांब हव्यात. चंद्र २० अंशांवर असेल तर सावली उंचीच्या पावणेतीन पट पडते.

सावलीत आधी अल्ट्रामरीन, वर कोल्ड ग्रेची गडद छटा, पंजांच्या लगत थोडा इंडिगो. पंजाजवळ कड तीक्ष्ण, शेपटीच्या सावलीची जरा मऊ, कारण शेपूट जमिनीपासून वर आहे. बर्फाला जिथे उंचवटा आहे तिथे सावलीची कड वळवली. हे वळण नसेल तर बर्फ टेबलासारखा सपाट दिसतो.

ठशांनी मात्र घोळ घातला होता. पहिल्या प्रतीत ते खड्डे न वाटता फुगवटे वाटत होते. नियम असा: खड्ड्याची जी भिंत चंद्राच्या बाजूला असते ती सावलीत जाते, समोरची उजळते. इथे चंद्र मागे-उजवीकडे, म्हणून ठशाची वरची उजवी आतली कड गडद आणि आपल्याकडची डावी कड जवळपास कोरी. उलट केलं की डोळा फसतो. एक ठसा ६-७ मिमीचा. त्यात बोटं मोजून दाखवायच्या भानगडीत पडू नये, जवळच्या दोन ठशांत चार बोटांची खूण पुरते.

अंग

मिशा सगळ्यात आधी. रंग लागण्यापूर्वी कागदाखाली वर्तमानपत्राचे चार-पाच पदर ठेवून रिकाम्या रिफिलच्या टोकाने मिशा आणि कानातले लांब केस दाबून काढले. नंतर पेन्सिल त्या खाचांवरून जाते, आत शिरत नाही, आणि केस पांढरे राहतात. हे नंतर करता येत नाही.

पाठीच्या वरच्या कडेला १ मिमीची पट्टी कोरी सोडली. मानेवर ती दीड मिमी, कारण तिथले केस उभे असतात. कंबरेवर नाहीशी होत गेलेली. सलग सारख्या जाडीची पट्टी तारेसारखी दिसते. तिची आतली बाजू बारीक केसांच्या फटकाऱ्यांनी मोडली. हिवाळ्यातली लव पाठीवर सुमारे ५ सेंमी आणि पोटाखाली १२ सेंमीपर्यंत लांब असते, तेव्हा फटकारेही त्या हिशोबाने: पाठीवर आखूड, पोटाखाली लांब आणि खाली लोंबणारे. चेहऱ्यावर जेमतेम १ मिमीचे.

थर असे: सगळ्या अंगावर आयव्हरी, त्यावर वॉर्म ग्रेची फिकट छटा, मग आपल्याकडच्या बाजूला वॉर्म ग्रेची गडद छटा, पोट वगळून. इथपर्यंत ठिपके नाहीत. त्यावर अल्ट्रामरीनचा अगदी विरळ थर संपूर्ण अंगावर, म्हणजे उबदार करडा रात्रीत बसतो. हा थर गाळला तर प्राणी दिवसाच्या उजेडातून कापून आणल्यासारखा दिसतो. जास्त झाला तर निळा बिबट्या होतो. तुकड्यावर आधी करून बघावं.

ठिपक्यांची मांडणी जागेप्रमाणे बदलते. डोक्यावर, मानेवर आणि पायांवर भरीव ठिपके. खांद्यापासून मांडीपर्यंत तुटक कडांची मोठी वर्तुळं, आतून पोकळ, आणि आतला भाग आजूबाजूच्या लवेपेक्षा किंचित गडद. पाठीच्या कण्यालगत ती लांबट होऊन एकमेकांना लागतात. शेपटीवर मोठे डाग, टोकाकडे कड्यांसारखे. लांब लवेमुळे कुठल्याच ठिपक्याची कड पक्की नसते. म्हणून प्रत्येक वर्तुळ डार्क सेपियाने, केसांच्याच दिशेने आखूड फटकाऱ्यांत, आणि मधे इंडिगो. शिवाय ते अंगाच्या गोलाईबरोबर अरुंद व्हायला हवेत. पोटाकडे आणि पाठीच्या कडेला पोचताना वर्तुळाचा लंबगोल होतो. एकाच मापाचे गोल ठिपके चादरीवरच्या छापासारखे दिसतात, आणि पहिल्या प्रतीत तेच झालं होतं.

शेपूट जवळजवळ धडाएवढी लांब आणि जाडजूड. ती वर उचललेली होती, तिच्यामागे आकाशाचा गडद भाग. चित्रात उजळ कड सगळ्यात जास्त तिथेच फुलते. तिथे बाहेर डोकावणारे केस आकाशातच जायला हवेत, पण आकाश आधीच भरलेलं. धारदार कटरच्या टोकाने आकाशाचा थर हलकेच खरवडून ते काढले. २०० जीएसएमला हे झेपतं, ७५ला कागद फाटतो.

मागचा पाय सुरुवातीला फार स्पष्ट झाला. त्याच्या कडेने अनवधानाने इंडिगोची सलग रेष गेली होती. नीडेड रबराने (कणकेसारख्या मऊ खोडरबराने) दाबून उचलून ती फिकी केली आणि पायाचा खालचा तिसरा भाग सावलीत विरू दिला. रबर घासायचा नाही, नुसता टेकवून उचलायचा. घासला की मेण पसरतं.

डोळे, नाक, झाडं

रात्री बाहुल्या मोठ्या होतात, आणि हिमबिबट्याच्या बाहुल्या गोल असतात, घरच्या मांजरासारख्या उभ्या फटीच्या नाहीत. भोवती बुबुळाचं बारीक कडं, फिकट करडं-हिरवं: कोल्ड ग्रे, वर अर्थ ग्रीनचा स्पर्श. आकडा ४. वरच्या बाजूला पांढरा ठिपका दिला नाही, कारण समोरून येणारा चंद्र नाही. समोर आहे तो बर्फ. म्हणून बाहुलीच्या खालच्या भागात मंद, चंद्रकोरीसारखी फिकट झाक ठेवली. एवढ्याने नजर जिवंत होते. नाकाला वॉर्म ग्रे आणि सेपिया. गुलाबी पेन्सिल डब्यातच राहिली.

झाडांबद्दल एक प्रश्न येतोच. भारतात २०१९ ते २०२३ या काळात झालेल्या गणनेत ७१८ हिमबिबट्यांचा अंदाज मांडला गेला, त्यातले ४७७ एकट्या लडाखमध्ये. तो प्रदेश आणि स्पितीतलं किब्बर, दोन्ही उघडे-बोडके. अशी सूचिपर्णी झाडं तिथल्या उतारांवर नसतात. पण मध्य आशियातल्या तिएन शान आणि अल्ताई डोंगरांकडे हा प्राणी विरळ सूचिपर्णी रानातही वावरतो, त्यामुळे झाडं खोडायची गरज पडली नाही. त्यांना हिरवा मात्र दिला नाही. इंडिगोवर सेपिया, फांद्यांच्या वरच्या अंगाला फिकट करडा बर्फ, आणि तोही कडेला, कारण झाडांचीही आपल्याकडची बाजू सावलीतच आहे. चंद्राखाली जे झाड येतं त्याची टोकं थोडी धूसर ठेवली.

डोंगरांच्या रांगांत मागची पुढचीपेक्षा फिकट. रात्रीही हा नियम तसाच चालतो.

नंतरचे दोन त्रास

काही दिवसांनी आकाशाच्या गडद भागावर पांढुरकी साय आली. मेणाच्या पेन्सिलीचे जाड थर दिले की त्यातलं मेण हळूहळू वर येतं. बुरशी समजून घाबरायचं कारण नाही. मऊ सुती कापडाने अगदी हलक्या हाताने पुसलं की जाते, पण परत येऊ शकते. म्हणून पुसल्यावर फिक्सेटिव्हचे (रंग पक्का धरून ठेवणाऱ्या फवाऱ्याचे) दोन पातळ हात दिले, ३० सेंमी अंतरावरून, पहिला पूर्ण वाळल्यावर दुसरा, खिडकी उघडी ठेवून. एकदम जवळून मारलं तर थेंब बसतात आणि फिकट करडे गडद होतात. गॉशच्या चांदण्या फिक्सेटिव्हने किंचित मंदावल्या, तिथे ब्रशचा एक ठिपका पुन्हा द्यावा लागला. खरं तर चांदण्या फिक्सेटिव्हनंतरच द्याव्यात. त्या थरावर जेल पेनही चालतं.

दुसरा त्रास स्कॅनरचा. स्कॅन केल्यावर बर्फावरचा तो विरळ करडा थर उडून गेला, आणि इंडिगो-सेपियाचा फरक एका काळ्यात बुडाला, म्हणजे पडद्यावर पुन्हा पहिली प्रत. ऑटो करेक्शन बंद केल्यावर निम्मं परत आलं. त्यापेक्षा दिवसाच्या उजेडात, ऊन थेट न येणाऱ्या खिडकीशी पान सपाट ठेवून मोबाइलने वरून काढलेला फोटो जास्त प्रामाणिक निघाला. एक्स्पोजर चंद्रावर न धरता बर्फावर धरायचं, फ्लॅश बंद, आणि पान खिडकीला जरा तिरकं, म्हणजे मेणाची चकाकी आकाशात येत नाही.